पाळ असलेला तलाव

त्या जिल्ह्यात एकूण तलाव किती, याबद्दल जिल्ह्यातच एकमत नव्हतं. हायवेवरच्या पाटीने शेकडो सांगितले, माहिती केंद्रातल्या रंगीत पत्रकाने हजारो, आणि गॅस स्टेशनवरचा माणूस म्हणाला की मोजायला वेळ असलेला माणूस या भागात राहत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र काटकसर होती. लांब दिसला तो लाँग लेक, आणि अर्ध्या तासावर आणखी एक लाँग लेक. हिरवा तो ग्रीन लेक. ज्या साहेबांनी ही नावं ठेवली त्यांना जेवणाच्या आत काम उरकायचं असावं. त्यांच्या आधी इथल्या मूळ लोकांची या तलावांना नावं होतीच, पण ती विचारायचं कुणाला सुचलं नाही. गावांची तऱ्हा वेगळी. सोनं शोधायला निघालेल्यांच्या घोडागाड्यांसाठी जो रस्ता केला, त्याच्या अमुक मैलावर एक सराय, तमुक मैलावर दुसरी, आणि त्याच सरायांची पुढे गावं झाली. सोनं संपलं, मैल जाऊन किलोमीटर आले, तरी गावांच्या नावात आकडे तसेच राहिले.

मी तिथे गेले ते एका अशा तलावासाठी, ज्याला इंग्रजी नाव नव्हतं आणि जो कुठल्याही पत्रकात नव्हता. हे दोन्ही मला निघताना माहीत नव्हतं.

व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत आमच्या इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर, एक निवृत्त डॉक्टर राहत. मूळचे भंडाऱ्याचे. साठच्या दशकाच्या शेवटी इथले इमिग्रेशनचे नियम सैल झाले तेव्हा जे आले, त्यांपैकी. मी त्यांना काका म्हणायची. त्यांची पहिली नोकरी त्या तलावांच्या जिल्ह्यातल्या छोट्या हॉस्पिटलात होती. तिथल्या थंडीत इथले डॉक्टर टिकत नव्हते, म्हणून भंडाऱ्याचा डॉक्टर चालला. चार-पाच वर्षं तिथे काढून ते दोघं व्हँकुव्हरकडे आले आणि मग इकडचेच झाले.

दोघं म्हणजे काका आणि काकू. मी पुण्याहून एक सूटकेस आणि सॉफ्टवेअरची नोकरी घेऊन आले, त्या पहिल्या हिवाळ्यात बूट कुठले घ्यायचे इथपासून भाताला कुठला तांदूळ इथपर्यंत सगळं मला काकूंनी शिकवलं. तांदळाबद्दल त्यांची मतं कडक होती. त्या कोहळी समाजाच्या. भंडाऱ्याकडचे जुने तलाव त्यांच्या लोकांनी बांधले. मातीची लांब पाळ घालायची, पावसाचं पाणी अडवायचं, जास्तीचं वाहून जायला एका टोकाला सांडवा ठेवायचा, आणि खाली धान पिकवायचं. "आमच्या पणज्यांनी तलाव बांधले" हे त्या इतक्या सहज म्हणायच्या, जसं दुसरं कुणी म्हणेल की आमचे आजोबा पोस्टात होते. आपोआप झालेल्या तलावाविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. "त्यात काय," म्हणायच्या, "खड्डा होता, पाणी भरलं."

पाच सेंटचं नाणं हातात आलं की त्यावरच्या बीव्हरवर, त्या दातपुढ्या जनावरावर, बोट ठेवून त्या म्हणायच्या, "हा आमच्यातला." काकूंचे पुढचे दात किंचित पुढे होते. मी विनोद तेवढाच समजायची आणि सभ्यपणे हसायची.

आणि पोळ्या लाटताना त्या 'आपल्या तलावा'बद्दल बोलायच्या. तिकडे असताना रोज दुपारनंतर त्या तिथे जायच्या, पाळीवर बसायच्या, सांडव्याचा आवाज ऐकायच्या. मी अर्धं लक्ष तव्याकडे ठेवून ऐकायची. मला वाटायचं, माहेराची आठवण आली की माणूस कुठल्याही काठाला पाळ म्हणतो.

काकू गेल्या त्याला दोन हिवाळे झाले होते. मुलगा मॉन्ट्रियलला, विमानं बनवणाऱ्या कंपनीत. त्याने काकांना तिकडे न्यायचं ठरवलं. कॉन्डो विकला गेला, सप्टेंबरअखेरचं तिकीट निघालं. ऑगस्टमध्ये एका सकाळी काकांनी माझी बेल वाजवली.

"तुह्याकडं गाडी आहे ना?"

"आहे."

"मले जायच्या आधी आपला तलाव पाह्यचा आहे. एकदा. तुही काकू बसायची तिथं बसतो अन् येतो."

मुलाला फोन लावला तेव्हा तो स्पीकरवर म्हणाला, "डॅड, इट्स जस्ट अ लेक. वी हॅव लेक्स हिअर."

"असतील," काका म्हणाले. "तुह्या मायनं पाह्यले होते का?"

मग त्याने मला काकांच्या गोळ्यांच्या वेळा सांगितल्या.

आम्ही शुक्रवारी निघालो. होप गावानंतर फ्रेझर नदीच्या दरीतून रस्ता वर चढतो, झाडं विरळ होत जातात, टेकड्या पिवळ्या पडतात आणि आपण ज्या ओल्या, हिरव्या प्रांतातून आलो तो खोटा वाटायला लागतो. काका मांडीवर चहाचा थर्मास धरून बसले होते.

"पुण्यात तलाव आहेत का वं?"

"आहेत ना. पाषाणला आहे. कात्रजला आहे."

"काय करता त्याचं?"

"भोवती फिरतो."

"अन् पाटी लावता. इथं बसू नये."

"बसू नये नाही. पोहू नये."

"पोहू नये, बसू नये, थांबू नये. मग ठेवला कायले बाप्पा?"

थर्मासचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि परत लावलं. माझ्या चहाबद्दल त्यांचं मत असंच बिनशब्द असायचं. मग म्हणाले, "तिथं असताना माह्या यायची वेळ कधी ठरलेली नसे. बाळंतपण असलं तर मध्यरात्र, नाही तर दुपारी चार. पण दुपारी आलो अन् दार उघडलं की चहा उकळून राहिला असे. रोज. मी म्हणो, तुले कसं समजते? ती म्हणे, समजते."

"अंतर्ज्ञान," मी म्हटलं.

"पुणेकर विश्वास ठेवत नाहीत, माहीत आहे मले."

तलाव कुठे आहे, हे त्यांना नीट आठवत नव्हतं, हे मला हायवेवर कळलं. हॉस्पिटलने दिलेलं लाकडी घर गावाबाहेर खडीच्या रस्त्यावर होतं आणि तलाव घरापासून चालत. एवढंच. "तुम्ही जायचात ना?" मी विचारलं.

"दोन-तीनदा गेलो असेन. मले वेळ कुठं होता."

माहिती केंद्राच्या दारात लाकडाचा एक मासा उभा होता, बसएवढा. जगातला सर्वांत मोठा लाकडी ट्राउट, असं खाली कोरलं होतं. दुसरा कुणी करून पाहिला आहे का, ते कोरलं नव्हतं. आतल्या बाईंनी आमच्यासमोर नकाशा पसरला आणि प्रेमाने विचारलं, "विच लेक, डिअर?"

"अवर लेक," काका म्हणाले.

"ओह, दे आर ऑल अवर लेक्स."

बाईंनी खडीचा रस्ता शोधून दिला. काकांचं घर आता नाही, ती जागा रिकामी आहे, पण त्या रस्त्याच्या आसपास बरेच तलाव आहेत, मोठे, प्रेक्षणीय. त्यांनी पेनने गोल केले. काकांनी प्रत्येक गोलाकडे असं पाहिलं जसं पेशंटने सांगितलेल्या लक्षणांकडे पाहत असावेत.

ती दुपार आणि संध्याकाळ आम्ही गोलांमागे गेलो. पहिल्याला लॉज होतं, कमानीवर एल्कची शिंगं, बोटी भाड्याने, आणि 'फक्त पाहुण्यांसाठी' अशी पाटी. "हे घे, पुण्याची पाटी इथं आली," काका म्हणाले. मग पाण्याकडे पाहून मान हलवली. "हा नव्हे. हा परात."

"कोण परात?"

"तुही काकू म्हणे याले. गोल अन् उथळ."

अशी काकूंची नावं एकेक बाहेर यायला लागली. निमुळत्या शेपटाचा तो पळी. ज्याच्या मधोमध पुष्कळ बेटं तो झारा. एका तलावाच्या काठावर क्षारांची पांढरी कड साचली होती, आसपास गवतही नव्हतं. ती मिठाची वाटी. साहेबांच्या नावांपेक्षा ही मला पटली, निदान त्यात कुणी पाहून नाव ठेवल्यासारखं होतं. झाऱ्यावर एक लून पक्षी ओरडला. लांबून कुणी हाक मारावी आणि आपण कुणाला हाक मारली ते विसरून जावं, तसा तो आवाज असतो. काका ऐकत उभे राहिले. साल पोखरणाऱ्या किड्याने खाल्लेले पाइन डोंगरभर राखाडी उभे होते, आणि त्यांच्यामध्ये ॲस्पेनची पानं वारा नसतानाही हलत होती.

"काका, हे सगळं सुंदर आहे," मी म्हटलं.

"मी नाही कुठं म्हणतो. पण हा तो नव्हे."

मोटेलमध्ये त्यांनी जेवण अर्धं टाकलं. "उद्या नाही सापडला तर परत जाऊ," म्हणाले. "तुह्या गाडीचं पेट्रोल किती जाळायचं. तसंही मॉन्ट्रियलला कुणी विचारणार नाही, तलाव पाह्यला का म्हणून." मी गाडीचं बोलणं हसण्यावारी नेलं. पण मॉन्ट्रियलचं वाक्य त्यांनी सहज म्हटलेलं नव्हतं.

सकाळी पाऊस भुरभुरत होता, म्हणून आधी संग्रहालयात गेलो. ते जुन्या शाळेत होतं. खोगिरं, बर्फातले बूट, ज्या माणसाने ही जागा 'शोधली' त्याची मोठी तसबीर, आणि ज्यांना ती आधीपासून माहीत होती त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक कपाट. मधोमध काचेत पेंढा भरलेला बीव्हर मागच्या पायांवर उभा होता, राष्ट्रीय प्राण्याला शोभेल अशा ताठ्याने, आणि त्याचा एक काचेचा डोळा बाहेर बघत होता. काका त्याच्यासमोर थांबले आणि आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसले.

"तुह्या काकूचा भाऊ."

"दातांवरून?"

"दात कायचे? कोहळी म्हणे त्याले. पाळ बांधतो ना तो."

मी काचेमागची पाटी वाचली. ओढ्यावर फांद्या आणि चिखल रचून बांध घालणं, पाणी अडवणं, वगैरे.

"काका," मी विचारलं, "आपल्या तलावाला पाळ होती?"

ते माझ्याकडे असे वळले जसं मी विचारलं असावं की विहिरीला तळ होता का. "तलावाले पाळ नसते का वं?"

पुण्याच्या माणसाला हे कळायला एवढा उशीर झाला. मोठ्यातला मोठा तलाव मनात धरून दोघं हिंडत होतो, कारण चाळीस वर्षांत तो काकांच्या आठवणीत मोठा होत गेला होता आणि मला पत्रकाने तेच शिकवलं होतं. पण भंडाऱ्याकडच्या बाईने शेकडो तलावांच्या या प्रदेशात एकालाच तलाव म्हटलं होतं, कारण तो एकच कुणीतरी बांधलेला होता. बाकीच्यांना तिने भांड्यांची नावं दिली. नकाशात तो नव्हता, कारण ओढ्यावरच्या बीव्हरच्या डबक्याला नकाशात नाव देत नाहीत.

"घराजवळ ओढा होता का?"

"पाइपातून रस्त्याखालून जाये. तिथं माही गाडी दर वेळी आदळे."

गाडी आदळली तेव्हा आम्ही थांबलो. खडीखालून पाइप, पाइपातून बोटभर पाणी. अलीकडे घराची रिकामी जागा, तिथे आता फायरवीडचे जांभळे तुरे. ओढ्याच्या कडेने हरणांची वाट वर जात होती. पाऊस थांबला होता. काका माझा हात धरत नव्हते, फक्त मध्ये मध्ये माझ्या बाहीला धरत होते.

झाडी संपली आणि समोर कुरण आलं. कमरेएवढं गवत, मधून वाळलेल्या झाडांचे बुंधे, पांढरे, पाण्यात उभं राहून मेलेले. पाणी नव्हतं.

काकांनी हातातली काठी बुंध्यांकडे रोखली. "हाच," म्हणाले. "ते खोडं पाण्यात होते." मग, "पाणी कुठं गेलं?"

संग्रहालयातल्या पाटीवर जे वाचलं होतं ते मी सांगितलं. आसपासची कोवळी झाडं संपली की बीव्हर दुसरीकडे जातात. बांधाची डागडुजी करायला कुणी राहत नाही. पाणी वाट काढतं, गाळ उघडा पडतो, गवत येतं.

"म्हणजे कोहळी गाव सोडून गेले."

"हो."

"कधी?"

"ते नाही माहीत, काका."

मला वाटलं आता ते परत फिरू म्हणतील. इतक्या लांब आणून त्यांना गवत दाखवायला मी जबाबदार नव्हते, तरी तसं वाटत होतं. त्यांनी काठीने समोर ठोकून पाहिलं, थोडं डावीकडे ठोकलं, आणि मग चढ चढल्यासारखं एक पाऊल वर टाकलं. गवताखाली एक लांब, वाकडा उंचवटा कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. त्याच्यावर विलोची झुडपं उगवली होती. लांबून तो जमिनीचाच भाग वाटत होता.

"ही पाळ."

ते तिच्यावरून चालायला लागले. शहाऐंशीकडे झुकलेला माणूस, जो बर्नाबीत फुटपाथची कडा उतरताना थांबायचा, तो तिच्यावरून न थांबता चालला. मी मागून गेले. पार पलीकडे बांध खचला होता आणि ओढा तिथून खाली उतरत होता, थोडासा आवाज करत. काकूंचा सांडवा. खचल्यामुळे रुंद झाला होता, एवढंच.

त्याच्या अलीकडे एका जागी झुडपं कमी होती. काका तिथे बसले. मी पिशवीतून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. त्यांनी एक घेतली, पण खाल्ली नाही.

"इथं बसत असेल ती."

"कशावरून?"

त्यांनी पुरी धरलेल्या हाताने खाली दाखवलं. झाडांच्या फटीतून खडीचा रस्ता दिसत होता, वळणापासून पाइपापर्यंत आणि पाइपापासून घराच्या जागेपर्यंत. आमची गाडी तिथे उभी होती, चिखलाने माखलेली. या पाळीवरच्या दुसऱ्या कुठल्याही जागेवरून तो दिसत नव्हता. मी नंतर उठून पाहिलं.

"गाडी वळणावर दिसली की उठत असेल," काका म्हणाले. "उतार आहे. घरी पोचायले किती वेळ. मी पाइपावर आदळून, गाडी लावून, बूट काढून आत जाईपर्यंत चहा उकळे."

मी वळणापासून घरापर्यंतचा रस्ता नजरेने मोजला.

"रोज माही वाट पाहे, अन् मले सांगे, समजते." त्यांनी पुरीचा तुकडा मोडला. "मी समजत होतो तिले तलावाचं वेड."

"तेही असेल, काका."

"असेल," ते म्हणाले. "दोन्ही असेल."

आम्ही तिथे बसून राहिलो. एक बगळ्यासारखा मोठा पक्षी गवतात उतरला, काही न मिळाल्यासारखा उभा राहिला आणि उडून गेला. निघताना काकांनी कुरणाकडे पाहून म्हटलं की भंडाऱ्याले असतं तर यात लाखोळीची डाळ पेरली असती. पाणी उतरलेल्या तलावात पीक छान येते. मग थर्मास उघडला, माझा चहा पूर्ण प्यायले आणि काही मत दिलं नाही.

सप्टेंबरअखेर मी त्यांना विमानतळावर सोडलं. खालच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. त्यांच्या स्वयंपाकाचा कसला वास वर येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या जिल्ह्यात वणवे लागले. गावंच्या गावं रिकामी केली, आणि धूर खाली आमच्यापर्यंत आला. सूर्य दिवसभर तांब्याच्या नाण्यासारखा. काकांनी मॉन्ट्रियलहून फोन केला.

"आपल्या तलावाचं काय झालं वं?"

"काका, तलाव आपण गेलो तेव्हाही नव्हता."

"ते माहीत आहे. पाळ?"

मी नकाशे पाहिले होते. तो सगळा भाग लाल होता, त्यात आणखी काही दिसत नव्हतं. "मातीची आहे," मी म्हटलं. "जळायची नाही."

"काड्यांची आहे. तुले काय माहीत, पुण्याच्या माणसाले." आणि पुढे म्हणाले, "पण आतून ओली असते."

मग इकडचं तिकडचं बोलले. सून तिथलीच, फ्रेंच बोलणारी. ती आणि काका दोघं एकमेकांशी तुटक इंग्रजीत बोलतात. त्यांना रस्त्याकडची खोली दिली आहे. संध्याकाळी ती मेट्रोच्या जिन्यातून वर आली की खिडकीतून दिसते.

"उठतो अन् चहा ठेवतो. ती दारात बूट काढते अन् म्हणते, हाउ डू यू नो?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू. आय नो, म्हणतो."

फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, तिकडे वारा कुठल्या दिशेचा आहे. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. धुरात काहीच हलत नव्हतं. पश्चिमेचा आहे, मी सांगितलं, पावसाचा.